दाजीपूरला चालायचं की पक्षी बघायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातली दोन जोडपी आणि दहा वर्षांची एक मुलगी डिसेंबरच्या शेवटी दोन दिवसांसाठी राधानगरी-दाजीपूरच्या अभयारण्यात जाणार आहेत. गडकिल्ले चढायची सवय आहे, पक्षी बघायची नाही. गेल्या वर्षी ताडोबाला जाऊन आले आहेत. रोज पंधरा-वीस किलोमीटर चालून जास्तीत जास्त पक्षी कसे बघता येतील, गवा हमखास कुठे दिसेल, दुर्बीण कुठली घ्यावी आणि मुलीला नेणं धोक्याचं तर नाही ना, असं त्यांनी विचारलं आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. या रानात लांब चालणं आणि पक्षी बघणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही एकाच सकाळी करायला गेलात तर चालणं तेवढं होईल, पक्षी फक्त उडून जाताना दिसतील. तुमच्याकडे दोन दिवस आहेत. एक सकाळ पक्ष्यांना द्या आणि त्या सकाळी दोन किलोमीटरच्या वर जाऊ नका. दुसरी सकाळ पायांना द्या.

असं का, ते समजून घ्या. ताडोबा हे पानगळीचं, साग-बांबूचं रान. उन्हाळ्यात पाणवठे आटतात, पानं झडतात, जनावर लांबून दिसतं. दाजीपूरचं रान सदाहरित आणि निमसदाहरित आहे. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण १००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या या पश्चिम कडेला त्याच्या चौपट आणि काही वर्षी त्याहून जास्त. त्या पावसावर अंजनी, जांभूळ, पिसा यांची दाट छत्री उभी राहते. मधे हिरडा, फणस, रातांबा, भेरली माड, खाली कारवी. वेली एका झाडावरून दुसऱ्यावर जातात, गारंबीचे वेल तर माणसाच्या मांडीएवढे जाड होतात. डिसेंबरातही इथे पानं हिरवीगार असतात आणि भर दुपारी जमिनीवर उजेड कमी असतो. पक्षी भरपूर आहेत, पण ते पानांच्या आत आहेत, बहुतेक डोक्यावर वीस-पंचवीस मीटर उंचीवर. चालणाऱ्या माणसाच्या पायाखाली पाचोळा वाजतो, आणि तो आवाज तुमच्या पुढे पन्नास पावलं जातो.

म्हणून इथे कान आधी आणि डोळे नंतर. पहिल्यांदा जाणाऱ्यांची निराशा होते ती याच कारणानं. ते दुर्बीण डोळ्याला लावून झाडं धुंडाळत राहतात. तुम्ही उभे राहा. पाच मिनिटं कोणी बोलू नका. पांढऱ्या गालाच्या तांबटाची कुटुर-कुटुर चालूच असेल, ती सोडून द्या, त्याच्या मागे काय ऐकू येतं ते बघा. आवाजाची दिशा पक्की झाली की नुसत्या डोळ्यांनी त्या बाजूच्या फांद्यांवर हालचाल शोधा. हालचाल दिसली की नजर तिथेच ठेवून दुर्बीण वर आणा. हा क्रम सवयीचा व्हायला वेळ लागतो, म्हणून निघण्यापूर्वी एक-दोन रविवार सकाळी शिवाजी विद्यापीठाच्या आवारात किंवा कळंबा तलावावर जाऊन सराव करा. तिथे सोपे पक्षी आहेत, उजेड आहे, चुकलं तरी बिघडत नाही. दाजीपुरात पहिल्यांदाच दुर्बीण फोकस करत बसलात तर पक्षी थांबणार नाही.

हिवाळ्यात इथे आणखी एक गोष्ट घडते, ती माहीत असली तर सगळी सकाळ बदलते. वीण नसलेल्या दिवसांत निरनिराळ्या जातींचे पक्षी एकत्र चरतात. निखार, पिवळ्या भुवईचा बुलबुल, मखमली शिलींध्री, सुतार, माशीमार, उत्तरेकडून आलेले वटवटे, सातभाईच्या जवळचे चिमुकले पक्षी, असा सगळा मेळा जोतिबाची पालखी सरकावी तसा झाडाझाडांतून पुढे सरकतो. त्यात बहुतेक वेळा एखाददुसरा भृंगराज असतो. शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसांची पानं असलेला हा काळा पक्षी वरून पहारा देतो, शिकारी पक्षी दिसला की ओरडतो, आणि थव्यानं उठवलेले किडे हवेत पकडतो. थवा आला की पाच-सात मिनिटांत दहा-बारा जाती समोरून जातात. त्याच्या आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास पान हलत नाही. आपण चालत राहिलो तर दोन थव्यांच्या मधल्या रिकाम्या जागेतच भटकत बसतो. एका चांगल्या जागी उभं राहिलं तर थवा आपल्याकडे येतो.

थवा आल्यावर एक करा. सगळं बघायचा प्रयत्न करू नका. एकच पक्षी धरा, तो ओळखू येईपर्यंत सोडू नका, मग दुसरा. पाच जणांनी पाच दिशांना बोटं दाखवली की कोणालाच काही दिसत नाही. आणि भृंगराजाच्या आवाजावर फार भरवसा ठेवू नका, तो इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. आवाजावरून पक्षी ओळखणारं मोबाइलवरचं मर्लिन ॲपसुद्धा त्यानं फसू शकतं. ॲप घ्या, पण घरून निघतानाच भारतातल्या पक्ष्यांचा संच उतरवून घ्या, दाजीपुरात रेंजची खात्री नाही.

चांगली जागा म्हणजे कुठली? माझं उत्तर ठरलेलं आहे: फळलेला उंबर किंवा नांद्रुक. या कुळातली झाडं सगळी एका वेळी फळत नाहीत. एक झाड डिसेंबरात फळतं, शेजारचं मार्चमध्ये, त्यामुळे रानात वर्षभर कुठे ना कुठे फळं असतातच. हरियाल, तांबट, बुलबुल, धनेश, शेकरू सगळे तिथे येतात. पण ते झाड कुठलं हे तुम्हाला बाहेरून कळणार नाही. ते कळतं स्थानिक गाईडला. दाजीपूरच्या गेटवर नोंद करताना गाईड मिळतो. त्याला “गवा दाखव” म्हणण्याऐवजी “आत्ता कुठलं झाड फळलंय?” असं विचारा. या एका प्रश्नावर तोही वेगळ्या उत्साहानं तुमच्याबरोबर येतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. आसपासच्या वाड्यांतली ही मुलं लहानपणी याच रानात गुरं घेऊन फिरलेली असतात. त्यांना पुस्तकी नावं कमी येत असतील, पण कुठला आवाज कुठल्या ओहोळावरून येतो हे त्यांच्याइतकं कोणाला येत नाही. त्यांना पैसे देताना हात आखडू नका.

आता काय शोधायचं. मलबारी राखी धनेश बहुधा आधी ऐकू येईल, मोठमोठ्यानं खिंकाळल्यासारखा आवाज असतो. फक्त पश्चिम घाटात सापडणारा हा पक्षी आहे, महाधनेशासारखं चोचीवर शिंग नसतं. महाधनेशाची मादी असो की याची, अंडी घालायच्या वेळी झाडाच्या ढोलीत जाते आणि तोंड लिंपून घेते, एक फट ठेवते. नर त्या फटीतून तिला आणि पुढे पिल्लांना भरवतो. नर मेला तर आतलं सगळं कुटुंब धोक्यात येतं. हे फेब्रुवारीनंतर सुरू होतं, त्यामुळे डिसेंबरात तुम्हाला ढोली सापडणार नाही. पण पुढे कधी उन्हाळ्यात गेलात आणि गाईडनं ढोली दाखवली तर लांबून एक नजर टाकून निघा. माणूस खाली उभा असेल तर नर फळ घेऊन आसपासच्या फांद्यांवर थांबून राहतो, आणि तेवढा वेळ आतली मादी उपाशी राहते.

दुसरा पक्षी कर्णा. नराचं पोट लालभडक, डोकं काळं, गळ्यात पांढरी रेघ, मादी तपकिरी. एवढा रंग असूनही तो सापडत नाही, कारण तो आपल्याकडे पाठ करून निश्चल बसतो आणि पाठ तपकिरी असते. मधल्या उंचीवरच्या आडव्या फांद्या बघत जा, विशेषतः सावलीतल्या. हा पक्षी कुजत आलेल्या खोडात भोक पाडून घरटं करतो. म्हणून रानात मेलेली, वठलेली झाडं उभी राहणं महत्त्वाचं आहे. “एवढं सरपण वाया चाललंय” असं म्हणणारे पाहुणे मला भेटतात. ते सरपण कर्ण्याचं आणि सुतारांचं घर आहे.

पाचू कवडा आणि राखी रानकोंबडा जमिनीवर, रस्त्याच्या कडेला, अगदी सकाळी. शीळकरी कस्तुर ओढ्याजवळ दिसेल, पण माणसानं शीळ घालावी तसं त्याचं लांबलचक गाणं पावसाच्या तोंडावर आणि पावसात रंगतं; डिसेंबरात बहुधा त्याचा एकच तीक्ष्ण आवाज ऐकू येईल. नीलांग थंडीतला पाहुणा आहे, उघड्यावरच्या शेंड्यांवर बसतो, मुलीला सहज दाखवता येईल. आणि शेकरू कर्कश खडखडाट करू लागली तर आधी आभाळाकडे बघा. काळा गरुड किंवा मोरघार छत्रीला घासून जात असेल. आभाळ रिकामं असेल तर जमिनीकडे लक्ष द्या, कारण बिबट्या दिसल्यावरही ती अशीच ओरडते.

वेळ सांगतो. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि या भागात धुकं असतं. पहाटे साडेपाचला उठून अंधारात उभं राहण्यात फारसा अर्थ नाही. ऊन छत्रीच्या शेंड्यांना लागलं की किडे हलतात आणि किड्यांमागे पक्षी. सात ते दहा हा खरा वेळ, मग चार ते साडेपाच. मधली दुपार झोपेसाठी. तुम्हाला महिना बदलता येत असेल तर मी फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्चची सुरुवात सुचवेन. पांगारा आणि सावर फुललेली असते, अंजनीला निळी-जांभळी फुलं येतात, पक्षी गायला लागलेले असतात. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांसाठी बंद असतं. बंद-सुरूच्या तारखा वन विभाग जाहीर करतो, तेव्हा निघण्याआधी राधानगरीच्या वन्यजीव कार्यालयात विचारून घ्या.

चालण्याच्या दिवसाबद्दल. आत मनाला येईल तिकडे पायी फिरता येत नाही, आणि तेच योग्य आहे. कोल्हापूर संस्थानचं हे शिकारीचं राखीव रान होतं. १९५८ साली गव्यांसाठी दाजीपूर अभयारण्य झालं, ते राज्यातलं पहिलं. १९८५ साली हद्द वाढून राधानगरी अभयारण्य झालं, सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचं. २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कास, कोयना आणि चांदोलीबरोबर त्याचा समावेश झाला. यातली बहुतेक जागा माणसाविना राहावी म्हणूनच रस्ते मोजके आहेत. तुमच्यासारख्यांना सावराई सड्याचा रस्ता किंवा शिवगड-उगवाई देवीची बाजू आवडेल. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. रानातून एकदम बाहेर आल्यावर समोर तळकोकण. इथे पक्षी वेगळे: मलबारी चंडोल, गवतातले तिरचिमणे, वर घिरट्या घालणारा सर्पगरुड. सड्यावर सावली नाही, पाणी नाही, डिसेंबरातही अकरानंतर ऊन लागतं. माणशी दोन लिटर पाणी घ्या.

आता गवा. हमखास जागा सांगणार नाही, कारण अशी जागा नसते, आणि जी सांगितली जाते तिथे गाड्यांची रांग लागते. सकाळी लवकर आणि संध्याकाळी उतरत्या उन्हात सड्यांच्या कडेला, गवताळ मोकळ्या जागांवर ते येतात. पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत भरतो, गुडघ्याखालचे पाय पांढरे. कळप शांतपणे चरत असेल तर गाडीत बसून बघा, इंजिन बंद. पायी असताना समोर आला तर थांबा, त्याला वाट द्या, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरका. नाकातून जोरात फुसकारा आला म्हणजे त्यानं तुम्हाला जवळ येऊ नका असं सांगितलं आहे. एकटा नर आणि वासरू असलेली गाय, या दोघांपासून जास्तच लांब. गवा बिथरला तर धावून येतो हे खरं, पण त्याला माणसाची भीती किती असते तेही लक्षात असू द्या. २०२० च्या डिसेंबरात पुण्यात कोथरूडला एक गवा शिरला होता. गर्दी मागे लागली, तो तासन् तास धावला आणि पकडल्यानंतर मेला. मोबाइल घेऊन दोन पावलं पुढे टाकायची इच्छा होईल तेव्हा तो गवा आठवा.

मुलीला जरूर न्या. दहा वर्षांच्या मुलांचे कान आपल्यापेक्षा तीक्ष्ण असतात. बारीक, उंच स्वराचे पक्षी आधी त्यांनाच ऐकू येतात. तिच्या हातात वही द्या, नावं नको, आवाज लिहायला सांगा. धोके जे आहेत ते वाघ-बिबट्याचे नाहीत. जळवा पावसाळ्यात असतात. अवकाळी पाऊस झाला तर ओढ्याकाठी डिसेंबरातही लागतील. ओढून काढू नका, नखानं जळवेचं तोंड बाजूला सारा. कोरड्या दिवसांत खरी काळजी गोचिडांची. शेजारच्या सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले, तो गोचिडांतून पसरतो. पँट मोज्यात खोचा, पाचोळ्यावर बसू नका, मेलेलं माकड दिसलं तर लांबूनच फिरा आणि वनरक्षकाला सांगा. संध्याकाळी मुक्कामी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांत बघून घ्या. चिकटलेली गोचीड चिमट्यानं त्वचेलगत धरून सरळ ओढा, काडीनं जाळू नका. परतल्यावर आठवड्या-दीड आठवड्यात ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेलो होतो हे आपणहून सांगा.

सापांपैकी इथे चापडा बघायला मिळू शकतो, फांदीवर न हलता बसतो. फांदी धरताना आधी बघायची सवय लावा, दगडावर हात टेकतानाही. दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही. हात-पाय हलू न देता राधानगरीच्या रुग्णालयात, तिथून गरज पडली तर कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयात.

दुर्बीण आठ बाय बेचाळीसची घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढची काच बेचाळीस मिलिमीटरची. दुकानदार दहा बाय बेचाळीस पुढे करेल, जास्त जवळचं दिसतं म्हणून. दाट रानात ते उपयोगाचं नाही. बेचाळीसला आठनं भागलं की सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो, दहानं भागलं की जेमतेम सव्वाचार. अंधाऱ्या छत्रीखाली हा फरक चांगलाच जाणवतो. शिवाय आठच्या दुर्बिणीत एका वेळी जास्त भाग दिसतो आणि हात कमी थरथरतो, त्यामुळे हलणारा पक्षी लवकर सापडतो. पाच जणांत दोन दुर्बिणी पुरतील, एक मुलीकडे राहू द्या. कॅमेऱ्याची लांब लेन्स नसेल तर मुद्दाम घेऊ नका. पहिल्या भेटीत कॅमेरा हातात असला की माणूस पक्षी बघत नाही, त्याचा फोटो आला का ते बघतो.

एका गोष्टीवर मी आग्रही आहे. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवू नका, गाईडनं सुचवलं तरी नाही म्हणा. नराला वाटतं दुसरा नर आपल्या हद्दीत शिरला. चरणं सोडून, पिल्लं सोडून तो भांडायला येतो. एका गटानं एकदा केलं तर निभावतं. पण जिथे दर शनिवार-रविवारी गाड्या येतात तिथे तेच दर आठवड्याला घडतं, आणि काही दिवसांनी पक्षी ती जागा सोडतो. ओळख पटवण्यासाठी ऐकायचं असेल तर मुक्कामी, कानाला लावून.

मुक्काम राधानगरी किंवा दाजीपूरला, अभयारण्याच्या दाराबाहेर. आपल्याकडे बाहेर पडलं की रश्श्याचा बेत ठरलेलाच असतो. तो मुक्कामाच्या ठिकाणी करा, रानात नको. डिसेंबरनंतर सड्यांवरचं गवत वाळतं, एक ठिणगी पुरते. आत जाताना भाकरी, झुणका, ठेचा, फळं एवढं पुरे, आणि सालीसुद्धा परत आणा. माकडांना एकदा चव लागली की पुढच्या पाहुण्यांच्या पिशव्या ती ओढतात. कोल्हापूरकर म्हणून आपला या रानाशी संबंध दोन दिवसांचा नाही. भोगावती आणि दुधगंगा याच डोंगरांतून निघतात. राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण बांधायला घेतलं ते याच पाणलोटाच्या भरवशावर. आज शहरात काळम्मावाडीहून थेट पाइपलाइननं येणारं पाणीही इथलंच. ही झाडं पाऊस झेलून जमिनीत मुरवतात म्हणून एप्रिलमध्येही ओढे वाहतात.

जायचा रस्ता सोपा आहे. रंकाळ्यावरून राधानगरी रोड, हळदी, भोगावती, राधानगरी साधारण पंचावन्न किलोमीटर, पुढे फोंडा घाटाच्या दिशेनं दाजीपूर. राधानगरीच्या पुढचा टप्पा अंधार पडायच्या आत संपवा, गवे रस्त्यावर येतात आणि दिव्याच्या झोतात थबकून उभे राहतात.

शेवटी, फिरताना पाऊलवाटेच्या कडेला तारेची फासकी दिसली, झाडाला बांधलेली क्लच वायर दिसली, तर हात लावू नका. फोटो घ्या, मोबाइलवर जागेची नोंद करा आणि त्याच दिवशी गेटवर सांगा. रेंज असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. भेकर, पिसोरी, साळिंदर यांत अडकतात, आणि वनरक्षकांना एवढं मोठं रान रोज पायाखाली घालणं शक्य नसतं. नजर तयार झालेल्या पाहुण्यांनी अशी एखादी फासकी वेळेत दाखवली तर त्यांना फार मोठी मदत होते.